ठिणगी चाकूची की कांडीची?

हिमालयात हिवाळी ट्रेकला निघणाऱ्या मुंबईकरांच्या ग्रुपवर एक सल्ला वर्षानुवर्षं फिरतोय: "चाकू कार्बन स्टीलचाच घ्या, स्टेनलेसने आग पेटत नाही."

जुन्या चकमकीपुरतं हे बरोबर आहे. गारगोटीवर कडक पोलाद आपटलं की पोलादाचेच बारीक कण सुटतात आणि पेटतात. पण आज सॅकमध्ये गारगोटी नसते, फेरो रॉड असते. लोखंड, सिरियम वगैरे धातूंच्या मिश्रणाची ही कांडी. तिचे खरवडलेले कण हवेत आपोआप पेटतात. चाकू फक्त खरवडतो. सिगारेटच्या लायटरमधला खडाही याच जातीचा.

खात्री करायची तर हातमोजे आणि चष्मा घाला, पाण्याची बादली जवळ ठेवा, पडदे-कागद लांब करा आणि कांडीवर फुटक्या काचेची कड जोरात ओढा. भरपूर ठिणग्या पडतात. काचेत पोलाद कुठलं!

म्हणून दुकानात चाकूची पाठ, म्हणजे धारेच्या विरुद्ध बाजूची कड, बघा; कांडी तिनेच खरवडायची. तिने सुक्या काडीचा भुसा निघाला तर कड काटकोनी आहे. गोल पाठीचा महागडा चाकूही कांडीवरून नुसता घसरतो. धारेने मात्र कांडी खरवडू नका, धार जाते. आणि मुंबईच्या दमट हवेत कार्बन स्टील तेल लावलं नाही तर पटकन गंजतं, हेही लक्षात असू द्या.

न दुमडणारा चाकू घ्या हा सल्ला मात्र पक्का. बर्फात लाकूड वरून ओलं असतं. ते उभं फोडून आतला सुका गाभा काढावा लागतो. पात्यावर सोट्याचे घाव बसले की दुमडत्या चाकूचा सांधा ढिला होतो.