तरुण वयातील उच्च रक्तदाब आणि मुंबईची दिनचर्या

तरुण वयातील उच्च रक्तदाब : साधारण १८ ते ४० या वयात रक्तदाब सातत्याने १४०/९० मिमी पारा किंवा त्याहून अधिक राहणे. बोलण्यात याला नुसते ‘बीपी’ म्हणतात. तो म्हातारपणाचा आजार आहे, हा समज मुंबईत अजून घट्ट आहे. दुखत-खुपत काही नसते, म्हणून पंचविशीत कोणी मोजायला जात नाही. कळते ते बहुधा नोकरीच्या वैद्यकीय तपासणीत किंवा गरोदरपणात. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत (२०१९–२१) देशातील १५ वर्षांवरील २४ टक्के पुरुष आणि २१ टक्के स्त्रियांचा दाब वाढलेला होता किंवा त्यासाठी औषध चालू होते.

आनुवंशिकता असतेच, पण सवयींचा वाटा मोठा आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या मते दिवसाला ५ ग्रॅमपेक्षा, म्हणजे सपाट चमचाभरापेक्षा कमी मीठ पुरे. मुंबईकराच्या पोटात ते न दिसता जाते : वडापावसोबतची मीठ लावलेली तळलेली मिरची, खुद्द पाव, फरसाण, पापड, खारवलेली सुकी मासळी, चायनीजच्या गाडीवरचा सोया सॉस. जादा मिठाने शरीर पाणी धरून ठेवते, रक्ताचे आकारमान वाढते आणि दाब चढतो.

झोपेकडे मात्र कोणाचे लक्ष जात नाही. निरोगी माणसाचा दाब झोपेत १० ते २० टक्के उतरतो. रक्तवाहिन्यांना तेवढाच विसावा. विरार किंवा कर्जतहून पहाटेची लोकल गाठणाऱ्याची रात्र जेवण आणि मोबाइलमध्येच सरते, आणि रात्रपाळीत तर दिवस-रात्रीची अदलाबदल होते. मग जाग राहावी म्हणून कटिंग आणि सिगारेट. निकोटीनने धमन्या आकसतात. तंबाखू, मावा, मशेरी यांतूनही तेच निकोटीन जाते. मशेरीला अनेक घरांत व्यसन मानतच नाहीत, हे फार घातक आहे. दारू आणि वाढलेला कमरेचा घेर यांनीही धोका वाढतो. गर्दीत दोन तास उभे राहिल्याने दमायला होते, पण तो व्यायाम नव्हे; आठवड्याला किमान १५० मिनिटे झपझप चालणे लागते.

जिना चढून आल्या आल्या, बाहीवरूनच पट्टा बांधून घेतलेला आकडा भरवशाचा नसतो. आधी अर्धा तास चहा-सिगारेट टाळावी, पाच मिनिटे पाठ टेकून शांत बसावे, उघडा दंड हृदयाच्या पातळीत ठेवावा आणि निराळ्या दिवशी पुन्हा मोजावे. तिशीच्या आत दाब फार चढलेला आढळला, तर मूत्रपिंड, त्याच्या धमन्या आणि अंतःस्रावी (हार्मोन स्रवणाऱ्या) ग्रंथी तपासतात. सगळा दोष वडापाव आणि जागरणावर टाकून ही तपासणी चुकवू नये.