हिपॅटायटिस सी बरा झाला, आता लिव्हरची तपासणी कुणी आणि किती दिवस करायची?

गोळ्यांचा कोर्स संपतो, त्यानंतर बारा आठवड्यांनी रक्त तपासलं जातं आणि 'व्हायरस आढळला नाही' असा रिपोर्ट हातात येतो. बहुतेक जण त्या दिवशी फाइल कपाटात टाकतात, आणि ते साहजिकच आहे. आमच्या तपासणी केंद्रात मात्र दोन टोकांची माणसं येतात. एकाला खरं तर कशाचीच गरज नसते, तरी दर तीन महिन्यांनी स्कॅन हवा असतो. दुसऱ्याला सिरॉसिस (वणांनी लिव्हर कडक होणं) झालेला असतो आणि तो चार वर्षं इकडे फिरकलेला नसतो. हे पत्रक दोघांसाठी आहे, दुसऱ्यासाठी जरा जास्त.

आधी जुना कागद शोधा

बारा आठवड्यांनंतरच्या आरएनए तपासणीत (रक्तात खुद्द व्हायरस शोधणारी तपासणी) व्हायरस सापडला नाही, म्हणजे तुम्ही बरे झालात. 28 जुलै 2018 ला सुरू झालेल्या सरकारी कार्यक्रमातून जिल्हा रुग्णालयांत मोफत मिळणाऱ्या गोळ्या असोत की विकत घेतलेल्या, कोर्स नीट पूर्ण केलेल्यांपैकी शंभरातले पंच्याण्णव तरी बरे होतात. पण व्हायरस म्हणजे लिव्हरमध्ये वीस-वीस वर्षं ठाण मांडून बसलेला भाडेकरू. तो घर सोडून गेला तरी त्याने भिंतीत ठोकलेल्या खिळ्यांची भोकं राहतात. लिव्हरवर असे किती वण पडले होते, यावर पुढची तपासणी ठरते. आणि ते कळतं गोळ्या सुरू होण्याआधीच्या रिपोर्टवरून. आजचा रिपोर्ट त्यासाठी पुरत नाही.

आधीचा फायब्रोस्कॅन (लिव्हरचा कडकपणा मोजणारी तपासणी) असेल तर उत्तमच. हिपॅटायटिस सीमध्ये, उपचाराआधी, साधारण 7 किलोपास्कलपर्यंतचा आकडा म्हणजे वण नाही किंवा अगदी थोडा, 9.5 च्या पुढे बराच वण, 12.5 च्या पुढे सिरॉसिस धरतात. वणांच्या पायऱ्या एफ-0 (वण नाही) ते एफ-4 (सिरॉसिस) अशा लिहितात.

अनेकांचा फायब्रोस्कॅन झालेलाच नसतो. त्यांनी गोळ्यांपूर्वीचा रक्ताचा रिपोर्ट काढावा आणि घरीच एक गणित करून पाहावं, त्याला फिब-4 म्हणतात. वर वय गुणिले एसजीओटी (एसजीओटी आणि एसजीपीटी हे लिव्हरच्या रक्ततपासणीतले आकडे). खाली प्लेटलेट (हजारांत) गुणिले एसजीपीटीचं वर्गमूळ. समजा वय 58, एसजीओटी 80, एसजीपीटी 64, प्लेटलेट 1 लाख 10 हजार. वर 58 × 80 म्हणजे 4640, खाली 110 × 8 म्हणजे 880. भागून उत्तर 5.27. आकडा 3.25 च्या वर गेला तर वण बराच असण्याची शक्यता मोठी, 1.45 च्या खाली असेल तर ती कमी. मधल्या आकड्यातून काहीच ठरत नाही. गणित आलं तरी निदान डॉक्टरांनीच करायचं, पण हा कागद दाखवला की बोलणं लवकर मुद्द्यावर येतं.

मग कुणी यायचं?

वण आधीपासूनच कमी होता (एफ-0 ते एफ-2), दारू नाही, मधुमेह नाही, वजन आटोक्यात, हिपॅटायटिस बी नाही: अशांना लिव्हरसाठी पुन्हा पुन्हा स्कॅन करायची सहसा गरज नसते. आमचं एक गिऱ्हाईक कमी होईल, पण खरं ते खरं. दारू, मधुमेह किंवा चरबीचं लिव्हर असेल तर मात्र व्हायरस नसतानाही वण वाढू शकतात, तेव्हा डॉक्टरांना विचारून अधूनमधून तपासत राहावं.

सिरॉसिस किंवा एफ-3 असलेल्यांनी दर सहा महिन्यांनी पोटाची सोनोग्राफी करायचीच. व्हायरस गेल्याने लिव्हरच्या कॅन्सरचा धोका पुष्कळ कमी होतो, शून्य होत नाही. सहा महिनेच का? एवढ्या अंतरात गाठ साधारणपणे फार वाढलेली नसते, आणि दोन-तीन सेंटीमीटरच्या आतली एखादी गाठ जाळून किंवा कापून काढता येते. त्रास व्हायला लागल्यावर आलेल्या माणसाकडे हे पर्याय फारसे उरत नाहीत. सोबत एएफपी ही लिव्हरच्या कॅन्सरचा सुगावा देऊ शकणारी रक्ताची तपासणीही डॉक्टर सांगू शकतात. तारीख विसरणाऱ्यांना आम्ही सोपा हिशेब सांगतो: एकदा गुढीपाडव्याला, एकदा दसऱ्याला.

फायब्रोस्कॅन आणि सोनोग्राफी, दोन्ही कशाला?

सगळ्यात जास्त गोंधळ इथेच होतो. 'फायब्रोस्कॅन चांगला आला, आता सोनोग्राफी कशाला?' असं दर आठवड्याला कुणी ना कुणी विचारतं. फायब्रोस्कॅनमध्ये लिव्हरचं चित्र येत नाही, आकडा येतो. उजवा हात डोक्याखाली घेऊन उताणं झोपायचं, बरगड्यांच्या मधल्या जागेवर एक दांडा टेकवतात, आणि टिचकी मारल्यासारखा हलका धक्का बसतो. ती लहर लिव्हरमधून किती वेगाने जाते हे यंत्र मोजतं. लिव्हर जितकं कडक, तितकी लहर वेगात. किमान दहा वेळा मोजून मधला आकडा देतात. गाठ असली तरी ती यात दिसणार नाही. गाठ शोधायची तर सोनोग्राफीच. प्लीहा वाढली आहे का, पोटात पाणी आहे का, हेही तिच्यातच दिसतं.

दुसरी गोष्ट, उपचारानंतर आकडा उतरतो. 16 चा 9 झाला की लोक पेढे घेऊन येतात. आनंद खरा आहे, पण सुरुवातीची उतरण बरीचशी सूज ओसरल्यामुळे असते. वण भरून यायला वर्षं लागतात, आणि काहींचे पूर्ण भरतही नाहीत. वर दिलेले 7, 9.5, 12.5 हे आकडे उपचाराआधीचे आहेत. बरं झाल्यानंतरच्या आकड्याला ते जसेच्या तसे लावता येत नाहीत. म्हणून आकडा उतरला या एका कारणावरून सहामाही सोनोग्राफी बंद करू नका.

सोनोग्राफीत काही दिसलं तर लगेच धीर सोडू नका. एक सेंटीमीटरपेक्षा लहान ठिपका असेल तर बहुधा तीन महिन्यांनी पुन्हा सोनोग्राफी सांगतात. त्याहून मोठा असेल तर ट्रिपल फेज सीटी (शिरेतून औषध देऊन टप्प्याटप्प्याने काढलेला स्कॅन) किंवा एमआरआय लागतो. तो आमच्याकडे होत नाही; डॉक्टरांच्या चिठ्ठीने मोठ्या केंद्रात करावा लागेल, आणि त्याआधी क्रिएटिनिन (किडनीची रक्ततपासणी) तपासून घ्यावं लागेल.

'अँटी-एचसीव्ही पॉझिटिव्ह' बघून घाबरू नका

मोतीबिंदूच्या किंवा हर्नियाच्या ऑपरेशनआधी रक्त तपासलं जातं आणि पुन्हा 'पॉझिटिव्ह' येतं. ही अँटीबॉडीची तपासणी आहे. आजार बरा झाला तरी ती बहुतेकांत वर्षानुवर्षं पॉझिटिव्हच राहते. खरी तपासणी आरएनएची. तो जुना निगेटिव्ह रिपोर्ट फोटो काढून मोबाइलमध्ये ठेवा. एक मात्र ध्यानात असू द्या: एकदा बरं झाल्याने पुढचं संरक्षण मिळत नाही. डायलिसिसवर असणाऱ्यांनी आणि सुईतून नशा करणाऱ्यांनी आरएनए तपासणी डॉक्टर सांगतील तशी पुन्हा करावी.

येताना

फायब्रोस्कॅनला किमान तीन तास काही खाऊ नका. जेवणानंतर आकडा खोटा वाढतो. सोनोग्राफीला सहा ते आठ तास उपाशी, म्हणजे रात्री जेवून सकाळी आलात की झालं. दोन्ही एकाच फेरीत होतात. पोटात पाणी झालं असेल तर फायब्रोस्कॅन नीट होत नाही, तेव्हा पैसे भरण्याआधी सांगा. गरोदर असाल किंवा पेसमेकर बसवलेला असेल तर तेही सांगा. मागचे सगळे रिपोर्ट आणा, फिल्मसकट. तुलना केल्याशिवाय नव्या आकड्याला अर्थ नाही.

मधुमेह असणाऱ्यांनी उपाशी राहायच्या दिवशी गोळी किंवा इन्सुलिन कसं घ्यायचं हे आपल्या डॉक्टरांना आदल्या दिवशी विचारावं आणि नंबर लावताना आम्हाला कळवावं. तुम्हाला सकाळचा पहिला नंबर देऊ. डबा सोबत आणा, तपासणी झाली की इथेच बसून खाऊन घ्या.