देवणीच्या अंगावरचं काळं-पांढरं

उदगीरजवळच्या हाळी-हंडरगुळीच्या जनावरांच्या बाजारात जाणं झालं, तर देवणी जातीची गाय जवळून बघा. अंग पांढरंशुभ्र पण तोंडाच्या बाजू काळ्या असल्या की ती वानेरा, अंगभर वेडेवाकडे काळे ठिपके असले की शेवरा, आणि सगळीच पांढरी असली की बालंक्या. एकाच जातीत एवढे प्रकार कसे?

याचं उत्तर वासरू जन्मायच्या कितीतरी आधी ठरलेलं असतं. रंग बनवणाऱ्या पेशी मुळात कातडीत तयार होत नाहीत. गर्भ अगदी चिमुकला असताना त्या पाठीच्या रेषेत, भावी मज्जारज्जूच्या कडेला उगवतात. तिथून वाढत, पसरत त्या कुशींवरून पोटाकडे, पायांकडे आणि कपाळाकडे सरकतात. जिथे त्या पोचतात किंवा टिकतात तिथे केसांत रंग उतरतो, नाहीतर केस पांढरे राहतात. म्हणून तर बांड्या जनावराचं पोट, खूर आणि कपाळावरचा चांद पांढरा असण्याची शक्यता जास्त. या पेशींची वाढ ज्या जनुकांवर अवलंबून असते त्यांतलं एक म्हणजे ‘किट’. पण जनुकं फक्त कल ठरवतात, ठिपक्याची नेमकी जागा नाही. क्लोन केलेल्या होल्स्टीन गाईंची जनुकं सारखी असूनही त्यांचे ठिपके तंतोतंत जुळत नाहीत. मला यातलं सगळ्यात विलक्षण वाटतं ते हेच.

रानातल्या जनावराला असं कसंही रंगून परवडत नाही. नजरेत भरलं की ते कुणाच्या तरी तोंडी पडतं. देवणीला राखण माणसाची, म्हणून तिचे ठिपके टिकले.

गौताळ्याच्या डोंगरातल्या बिबट्याची नक्षी मात्र नेटकी असते आणि झाडांखालच्या कवडशांत त्याला लपवते. अशी नक्षी आपोआप कशी उमटू शकते, याचं गणित ब्रिटिश गणितज्ञ अॅलन ट्युरिंग यांनी 1952 मध्ये मांडलं. त्यात दोन रसायनं असतात. एक स्वतःलाच वाढवतं, दुसरं त्याला दाबतं आणि त्याच्यापेक्षा वेगाने पसरतं. या ओढाताणीतून ठिपके किंवा पट्टे तयार होतात. पुढे गणितज्ञ जेम्स मरे यांनी दाखवलं, की निमुळत्या शेपटीवर ठिपक्यांना जागा पुरत नाही आणि त्यांची कडी होतात. बिबट्याच्या शेपटीचं टोक बघा, नेमकं तेच दिसेल. अंगावर ठिपके आणि शेपटीवर पट्टे असलेला प्राणी या गणितात बसतो, उलटा बसत नाही.

झेब्र्याच्या पट्ट्यांचं कारण बहुधा माशा आहेत. 2019 मध्ये जपानी संशोधकांनी काळ्या गाईंवर पांढरे पट्टे रंगवले, तेव्हा चावऱ्या माशा जवळपास निम्म्याने घटल्या. रंगाच्या वासाने हे झालं असेल का, हे तपासायला त्यांनी काळ्याच रंगाचे पट्टेही ओढून पाहिले. त्या गाईंवर माशा पूर्वीसारख्याच बसत राहिल्या.