तिसरा गिअर आणि रिव्हर्स एकदमच का बिघडतात?

जुनी ऑटोमॅटिक गाडी वापरणाऱ्याला एक सल्ला हमखास मिळतो: गिअरबॉक्सच्या तेलाला हात लावू नका, तेल बदलले की गिअरबॉक्स बसतो. सल्ला देणाऱ्याकडे उदाहरणेही असतात. अमक्याने तेल बदलले आणि थोड्याच दिवसांत गाडी जागची हलेना. घडलेले खरे असते, कारण मात्र चुकीचे लावलेले असते. बहुतेकांना या तेलाची आठवण होते ती गिअर घसरू लागल्यावर, म्हणजे इंजिन जोरात फिरते पण गाडीला ओढ मिळत नाही तेव्हा. तोवर आतल्या क्लचच्या, म्हणजे एकमेकींवर आवळून शक्ती पुढे देणाऱ्या, चकत्यांवरचे अस्तर झिजून गेलेले असते, आणि नव्या तेलाने अस्तर परत येत नाही. गिअरबॉक्स जाणारच होता, आळ तेलावर आला. ‘झिजलेला गिअरबॉक्स नवा करणाऱ्या’ बाटल्या याच गैरसमजावर विकल्या जातात. त्यातले रसायन कडक झालेले रबरी सील फार तर थोडे फुगवून मऊ करील. जळालेली चकती त्याने भरून येत नाही.

या तेलाला, म्हणजे एटीएफला (ऑटोमॅटिक ट्रान्समिशन फ्लुइड), नुसते वंगण समजणे चूक आहे. इंजिन आणि गिअरबॉक्स यांच्यामधल्या टॉर्क कन्व्हर्टरमध्ये इंजिनाला जोडलेला पंखा हे तेल भिरकावतो आणि त्या माऱ्याने समोरचा पंखा फिरतो. गाडीला मिळणारी शक्ती तेलातून येते. तेच तेल पंपाच्या दाबाने क्लचच्या पिस्टनमागे जाऊन चकत्या आवळते. शाळेत शिकलेला पास्कलचा नियम इथे कामाला लागतो. तेच आतली उष्णता बाहेर नेते. शिवाय चकत्यांनी झटका न देता पकडावे, पण घसरतही राहू नये, हा तोलही तेलातल्या रसायनांवर असतो. १९७० च्या दशकाच्या सुरुवातीपर्यंत अमेरिकेत त्यासाठी स्पर्म व्हेलचे तेल मिसळत असत.

म्हणून तपासणीची सुरुवात डिपस्टिकपासून, म्हणजे तेलाची पातळी पाहायच्या पट्टीपासून. गाडी सपाट जागी, तेल गरम. इंजिन चालू ठेवायचे की बंद, हे गाडीगणिक बदलते, त्यामुळे गाडीचे पुस्तक पाहावे. एक थेंब पांढऱ्या कपड्यावर टिपावा. लाल आणि पारदर्शक असेल तर ठीक. तपकिरी आणि करपट वासाचे असेल तर अस्तर जळते आहे. दुधाळ गुलाबी दिसले तर रेडिएटरमधल्या कूलरमधून पाणी आत शिरले आहे आणि गाडी चालवणे तिथेच थांबवावे. तेल कमी असेल तर पंप हवा ओढतो. जास्त भरले तर फिरते भाग ते घुसळून फेस करतात. हवा दाबली जाते, तेल दाबले जात नाही. म्हणून दोन्हीकडे दाब कमी पडतो आणि लक्षण एकच दिसते, गिअर घसरणे. ‘थोडे जास्त घातलेले बरे’ हे इथे चालत नाही.

पातळी बरोबर असूनही गाडी घसरते? मग पुढची तपासणी माझ्या सगळ्यात आवडीची, कारण ती एकही बोल्ट न काढता होते.

जुन्या तीन गिअरच्या बहुतेक ऑटोमॅटिक गाड्यांत अमेरिकी अभियंता हॉवर्ड सिम्पसन यांची रचना असते. क्रायस्लरने १९५६ पासून टॉर्कफ्लाइट गिअरबॉक्समध्ये ती वापरली. यात ग्रहमालेसारखे दोन गिअरसंच असतात: मधोमध सूर्य, त्याभोवती एका चौकटीत बसवलेले ग्रह, बाहेरून आतल्या बाजूला दाते असलेले कडे. दोन्ही संचांचा सूर्य सामायिक. दाते कायम एकमेकांत गुंतलेले असतात. कुठला भाग धरून ठेवायचा आणि कुठला इंजिनाने फिरवायचा, एवढेच बदलते. समजा सूर्याला २७ दाते आहेत आणि कड्याला ६०. सूर्य धरून ठेवला आणि कडे फिरवले, तर ग्रहांची चौकट एकदा फिरायला कडे १ + २७/६० म्हणजे १.४५ वेळा फिरावे लागते. टॉर्कफ्लाइटचा दुसरा गिअर बरोबर १.४५ चाच आहे.

हे धरणे-फिरवणे पाच जण करतात. मागचा क्लच इंजिनाची शक्ती कड्याला देतो, म्हणून तो पुढे जाण्याच्या तिन्ही गिअरमध्ये लागतो. पुढचा क्लच शक्ती सूर्याला देतो. तिसऱ्या गिअरमध्ये सूर्य आणि कडे दोन्ही एकाच वेगाने फिरवायचे असतात आणि रिव्हर्समध्ये एकटा सूर्य, म्हणून हा क्लच या दोन्हींत लागतो. पुढचा पट्टा, ज्याला बँड म्हणतात, फक्त दुसऱ्या गिअरमध्ये सूर्याला आवळतो. मागचा पट्टा रिव्हर्समध्ये आणि लिव्हर १ वर ठेवल्यावर मागच्या ग्रहांची चौकट आवळतो. लिव्हर डी वर असताना पहिल्या गिअरमध्ये त्याच चौकटीला उलटे फिरू न देण्याचे काम एक एकदिशा क्लच करतो, सायकलच्या फ्रीव्हीलसारखा.

आता गाडी चालवून पाहा. पहिला-दुसरा ठणठणीत, तिसऱ्याला इंजिन नुसते ओरडते आणि रिव्हर्सही घसरतो? दोन्हींत सामायिक एकच, पुढचा क्लच. रिव्हर्स उत्तम, पण पुढे गाडी हलतच नाही? रिव्हर्स चालतो म्हणजे पंपाचा दाब आहे. दोष मागच्या क्लचकडे. डी वर गाडी उठत नाही आणि लिव्हर १ वर ठेवताच निघते? एकदिशा क्लच गेला. रिव्हर्स नाही, पण तिसरा आहे? दोष मागच्या पट्ट्याचा. खात्रीसाठी लिव्हर १ वर ठेवून उतारावर अॅक्सिलरेटरवरून पाय उचला, इंजिनाचा ब्रेक लागत नाही. फक्त दुसराच हरवला असेल तर पुढचा पट्टा, आणि त्याचा ताण ठरवणारा स्क्रू गिअरबॉक्सच्या बाहेरूनच फिरवता येतो. असा तर्क न करता ‘गिअरबॉक्स गेला, नवा टाका’ म्हणणाऱ्या मेकॅनिकला मी निदान करणारा म्हणणार नाही. नंतरच्या काळातल्या संगणक-नियंत्रित गिअरबॉक्सांनाही हाच तर्क लागू पडतो, फक्त कुठल्या गिअरला काय लागते याचे कोष्टक मोठे होते आणि सोलेनॉइडची, म्हणजे विजेवर चालणाऱ्या व्हॉल्व्हची, भर पडते.

सगळेच गिअर घसरत असतील तर एकेका क्लचमागे लागू नये. तिथे सामायिक आहे तो दाब: पंप, तुंबलेली जाळी, दाब राखणारा व्हॉल्व्ह. दाबमापक लावून ते थेट मोजता येते. सकाळी गार गाडी डी मध्ये टाकल्यावर बराच वेळ हलत नाही आणि गरम झाल्यावर सुरळीत चालते, तेव्हा बहुधा पिस्टनचे सील वयाने कडक झालेले असतात. उष्णतेने रबर मऊ होऊन पुन्हा नीट बसते.

जनरल मोटर्स आणि फोर्डच्या त्या काळच्या अनेक गिअरबॉक्सांवर एक छोटी डबी असते, व्हॅक्यूम मॉड्युलेटर. इंजिनावर भार किती आहे, हे ती इंजिनाच्या निर्वातावरून (हवा आत ओढताना पडणाऱ्या पोकळीवरून) गिअरबॉक्सला कळवते. तिची रबरी नळी तडकली की गिअरबॉक्सला वाटते, इंजिन सतत पूर्ण जोर लावते आहे. मग गिअर उशिरा आणि धक्क्याने बदलतात. आतला पडदा फाटला तर इंजिन एटीएफ ओढून जाळते. धुराड्यातून पांढरा धूर येतो, तेल कमी होत राहते आणि गाडीखाली मात्र एक थेंबही दिसत नाही. अशा वेळी मॉड्युलेटरची नळी काढून आत बोट फिरवावे. बोटाला लाल तेल लागले तर डबी बदलावी. त्यासाठी गिअरबॉक्स खाली उतरवावा लागत नाही.