जॉन्सटाउनचा पूर: ‘पाऊसच तेवढा झाला’ हे कितपत खरं?

३१ मे १८८९ रोजी पेनसिल्व्हेनियातलं साउथ फोर्क धरण फुटलं आणि खालच्या जॉन्सटाउन परिसरात २,२०९ माणसं गेली. तेव्हापासून सांगितलं जातं, की पाऊसच असा होता, कुठलंही धरण टिकलं नसतं.

पाऊस अफाट होता, हे खरंच. पण धरण होतं एका धनाढ्य क्लबचं, मासेमारीसाठी आणि नौकाविहारासाठी. मूळचं हे सरकारी कालव्याचं मातीचं धरण, सुमारे ७२ फूट उंच. तळाशी पाणी सोडायचे पाच लोखंडी पाइप होते. आधीच्या मालकाने ते काढून विकले. क्लबने ते परत बसवलेच नाहीत. म्हणजे तलाव उतरवून दुरुस्ती करायची सोयच संपली. बग्ग्यांना रस्ता रुंद हवा म्हणून माथा काही फूट छाटला. सांडव्यात मासे पळू नयेत म्हणून जाळ्या लावल्या. त्यात काडीकचरा अडकला.

माथा छाटणं सर्वांत घातक. माथा खाली आला, की सांडव्यातून (जादा पाणी सोडायच्या वाटेतून) वाहू शकणाऱ्या पाण्याची खोलीही घटते. सांडव्याचा विसर्ग पाण्याच्या खोलीच्या दीडाव्या घातात बदलतो: खोली १० फुटांवरून ७ झाली, की क्षमता जेमतेम ५९ टक्के उरते. त्यात माथा मधोमध खचलेला, त्यामुळे पाणी तिथूनच ओसंडलं. मातीच्या बांधावरून पाणी वाहू लागलं, की खालचा उतार कुरतडला जातो. मग काही तासांचाच प्रश्न.

अभियंत्यांच्या १८९१ च्या अहवालाने बदलांना दोष द्यायचं टाळलं. २०१६ च्या जलशास्त्रीय फेरगणिताने मात्र तो निष्कर्ष खोडला. आणि हे बदल तपासणारी सरकारी यंत्रणा? नव्हतीच.