पार्श्वभूमी : पॅट्रिक ट्राउटन यांची कारकीर्द आणि पुसल्या गेलेल्या फिती

पॅट्रिक ट्राउटन (1920–1987) हे बहुतेकांच्या लक्षात आहेत ते ‘डॉक्टर हू’ या बीबीसीच्या विज्ञानकथा मालिकेतील दुसरे डॉक्टर म्हणून. या मालिकेचा नायक ‘डॉक्टर’ अधूनमधून शरीर पालटतो आणि नवा नट ती भूमिका घेतो. मात्र 1966 साली ही भूमिका त्यांच्याकडे आली, तेव्हा टेलिव्हिजनवर त्यांची जवळजवळ वीस वर्षे झाली होती. आपल्याकडे ‘चरित्र अभिनेता’ म्हटले की नायकाचे वडील किंवा काका डोळ्यांसमोर येतात. ब्रिटिश रंगभूमीवर या संज्ञेचा रोख वेगळा आहे : दर वेळी निराळाच माणूस उभा करणारा आणि म्हणूनच रस्त्यात सहसा न ओळखला जाणारा नट.

असे नट गावोगावच्या रेपर्टरी मंडळींत, म्हणजे एकाच नटसंचाने एकामागून एक नाटके करणाऱ्या मंडळींत, तयार होत. अनेक ठिकाणी दर आठवड्याला नवे नाटक लागे. रात्री एक नाटक करायचे, दिवसा पुढच्याची तालीम करायची आणि मधल्या वेळात पाठांतर. ट्राउटन नौदलातून परतल्यावर याच वाटेने पुढे गेले. त्या काळी टेलिव्हिजनचे नाटक थेट प्रक्षेपित होई. रविवारी रात्री झालेले नाटक गुरुवारी पुन्हा दाखवायचे म्हणजे सगळ्या नटांनी गुरुवारी ते पुन्हा करायचे. 1953 साली ब्रिटिश टेलिव्हिजनवरचा पहिला रॉबिन हूड ट्राउटन यांनी अशाच प्रक्षेपणात रंगवला.

पुढे चित्रफीत आली, आणि जुने कार्यक्रम कोणामुळे नष्ट झाले, हा खरा वाद तिथूनच सुरू होतो. ट्राउटन यांनी ‘डॉक्टर हू’चे 119 भाग केले, त्यांपैकी 53 आज उपलब्ध नाहीत. ‘फिती पुसल्या’ असे सरसकट म्हटले जाते, पण त्या शब्दांत दोन वेगळी कृत्ये एकत्र झाली आहेत. दोन इंच रुंदीची चित्रफीत महाग होती, म्हणून बीबीसीचा तांत्रिक विभाग ती पुसून नव्या कार्यक्रमासाठी वापरी. परदेशी विक्रीसाठी काढलेल्या 16 मिलिमीटरच्या फिल्म प्रती मात्र दुसऱ्याच विभागाकडे असत आणि विक्रीचे हक्क संपले की तो त्या टाकून देई. मूळ प्रत दुसरीकडे जपलेली असेलच, असे प्रत्येकाने गृहीत धरले. कायमस्वरूपी संग्रहाची जबाबदारी निश्चित होईपर्यंत 1978 उजाडले होते.

या हानीचा दोष अनेकदा नटांच्या संघटनेवर टाकला जातो, कारण तिच्या करारांनी पुनःप्रक्षेपणावर मर्यादा घातल्या होत्या. हे मला अन्यायाचे वाटते. जुने कार्यक्रम पुन्हा पुन्हा दाखवले गेले असते, तर नवी कामे कमी झाली असती, आणि आठवड्याच्या मानधनावर घर चालवणाऱ्या नटाला ही भीती रास्तच होती. पुनःप्रक्षेपण मर्यादित ठेवा, असा तो करार होता. कार्यक्रम नष्ट करा, असे त्यात कुठेही नव्हते. रंगीत प्रक्षेपण सुरू झाल्यावर कृष्णधवल कार्यक्रमांना किंमत उरली नाही, हे कारण मला त्याहून मोठे वाटते.

जे परत मिळाले, त्यातले बरेचसे परदेशी गेलेल्या प्रतींमुळे. चार भागांची एक संपूर्ण कथा 1990च्या दशकाच्या आरंभी हाँगकाँगहून आली. 2013 साली नायजेरियात सापडलेले नऊ भाग जाहीर झाले आणि ते सगळे ट्राउटन यांच्याच काळातील होते. अभिनयाची पारख करताना याचा फरक पडतो. नजर, हाताची चाळवाचाळव, घाबरल्याचे सोंग यांवर त्यांचे काम उभे होते, आणि नुसत्या संवादांच्या कागदावरून त्याची कल्पना येत नाही.

डॉक्टर म्हणून त्यांच्या पहिल्याच, सहा भागांच्या कथेतला एकही भाग पूर्ण स्वरूपात उरलेला नाही. त्या काळी काही प्रेक्षकांनी घरच्या टेपरेकॉर्डरवर केलेल्या ध्वनिमुद्रणांमुळे तिचा आवाज तेवढा शिल्लक आहे. त्यात सोबती नव्या डॉक्टरला पुन्हा पुन्हा विचारतात, ‘तू खरंच तोच का?’ आणि तो उत्तर टाळून रेकॉर्डर नावाची छोटी बासरी वाजवत राहतो. बासरी स्पष्ट ऐकू येते. वाजवताना त्यांचा चेहरा कसा होता, हे मात्र आता मोजक्या स्थिरचित्रांवरून आणि तुकड्यांवरूनच ताडावे लागते.