अधिदंत

दुधाच्या 20 किंवा कायमच्या 32 दातांखेरीज जबड्यात तयार झालेला जादा दात. विदर्भातल्या खेड्यांत याला ‘डबल दात’ किंवा ‘दातावर दात’ म्हणतात. मात्र जागा न मिळाल्याने वर चढलेल्या सुळ्याला आणि दुधाचा दात न पडताच त्याच्या मागून निघालेल्या कायमच्या दातालाही लोक हेच म्हणतात. हे दोन्ही अधिदंत नव्हेत, त्यामुळे आधी दात मोजावे लागतात.

संज्ञा जुनी आहे. सुश्रुतसंहितेत हिरडीच्या रोगांमध्ये ‘वर्धन’ सांगितला आहे: वातामुळे अधिक दात उगवतो, उगवताना तीव्र वेदना होते आणि उगवल्यावर ती शमते. उपचार म्हणजे दात उपटून अग्निकर्म, म्हणजे त्या जागी डाग देणे. आयुर्वेदाचार्य वाग्भटाने यालाच ‘अधिदंत’ म्हटले. सुश्रुतसंहितेचा काळ अभ्यासक वेगवेगळा मानतात, आणि वर्धन म्हणजे नेमके काय यावरही मतभेद आहेत. दात वर येताच वेदना थांबते, हे लक्षण अक्कलदाढेला अधिक जुळते. पुढच्या जादा दाताला सहसा वेदना नसतेच. तरीही ‘अधिक’ हा शब्द आणि उपटून टाकण्याचा सल्ला पाहता दोन्ही प्रकार एकाच नावाखाली आले असावेत, हे मत जास्त ग्राह्य वाटते. त्याच यादीत ‘वैदर्भ’ नावाचा रोग आहे, पण त्यात हिरडी घासली जाऊन सुजते व दात हलू लागतात. नावसाधर्म्यावरून त्याचा या प्रदेशाशी किंवा अधिदंताशी संबंध जोडू नये.

दात गर्भावस्थेतच दंतपट्टी नावाच्या पेशीपट्टीवरच्या अंकुरांतून घडू लागतात. अधिदंत पूर्वजांच्या जास्त दातांची खूण आहे, हे मत आता मागे पडले आहे. अंकुर दुभंगतो असे काही मानतात. दंतपट्टीच्या उरलेल्या पेशी अतिसक्रिय होतात, या मताला सर्वाधिक पाठिंबा आहे. आनुवंशिकतेचाही वाटा असतो. अनेक अधिदंत एकत्र आढळले तर गळ्याखालची आडवी हाडे (कॉलरबोन) अपुरी असलेल्या जन्मजात विकाराचा (जनुक आरयूएनएक्स2) विचार करावा; दुभंगलेल्या ओठ-टाळूतही अधिदंत दिसतात.

कायमच्या दातांत प्रमाण सुमारे 1 ते 3 टक्के असते, मुलग्यांत मुलींच्या साधारण दुप्पट. वरच्या पटाशीच्या दोन दातांमधला शंक्वाकृती दात सर्वांत जास्त आढळतो. डच शरीररचनाशास्त्रज्ञ लुई बोल्क यांनी 1917 मध्ये त्याला ‘मेसिओडेन्स’ नाव दिले. दाढांच्या शेजारी किंवा मागेही असे दात येतात.

खेड्यातली नेहमीची तक्रार ‘पोराचा दात येऊनच नाही राह्यला’ अशी असते. आठ-नऊ वर्षांच्या मुलाचा एक पटाशीचा दात पूर्ण आलेला, शेजारी रिकामी हिरडी, आणि टाळूकडून बोट फिरवले तर कठीण उंचवटा लागतो. जोडीचा दात येऊन सहा महिने उलटले असतील तर वाट पाहू नये, एक्स-रे काढावा. मग एक्स-रे यंत्राची नळी एका बाजूला सरकवून दुसरा एक्स-रे काढतात. त्यात दात नळीच्याच दिशेने सरकलेला दिसला तर तो टाळूच्या बाजूला, उलट दिशेने सरकला तर ओठाच्या बाजूला असतो. शस्त्रक्रियेआधी नेमकी जागा हवी असल्यास सीबीसीटी, म्हणजे जबड्याचा त्रिमितीय स्कॅन, करतात.

प्रत्येक अधिदंत काढावाच असे नाही. कशालाही अडथळा न करणारा, खोलवर असलेला दात अधूनमधून एक्स-रे काढून नजरेखाली ठेवता येतो. मात्र तो इतर दात अडवत असेल, वाकवत असेल, शेजारच्या मुळांना झिजवत असेल किंवा त्याभोवती पाण्याची गाठ (सिस्ट) होत असेल तर काढावा लागतो. लवकर काढावा, की पटाशीच्या दातांची मुळे पूर्ण होईपर्यंत, म्हणजे साधारण 8 ते 10 वर्षांपर्यंत थांबावे, हा वाद आहे. घाई केल्यास वाढत्या मुळांना धोका असतो. तरी दात अडलेला दिसत असेल तर थांबण्याने नुकसानच जास्त होते. काढल्यावर जागा राखली तर अडलेला दात बहुतेकदा वर्ष-दोन वर्षांत आपोआप उतरतो. तसे न झाल्यास तार लावून ओढावा लागतो.

राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची (2013 पासून) पथके अंगणवाड्या व शाळांत तपासणी करतात. तिथेच दात मोजून घ्यावेत. पुढचे उपचार नागपूरचे शासकीय दंत महाविद्यालय किंवा वर्ध्याजवळच्या सावंगी (मेघे) येथील दंत महाविद्यालयात होतात. गडचिरोलीतल्या सिरोंचा किंवा मेळघाटातल्या धारणीहून हा प्रवास मोठा आहे आणि कापूसवेचणीच्या दिवसांत मजुरी बुडवून जाणे जड जाते. म्हणून पहिल्याच फेरीत एक्स-रे आणि शस्त्रक्रियेची तारीख दोन्ही मिळायला हवीत.